न जोडलेली डबी

एका रविवारी सकाळी मी एका माणसाला एकच गाणं दोनदा ऐकवलं आणि दुसऱ्या वेळी मधलं यंत्र बदललंय असं खोटं सांगितलं. माझ्या बायकोला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढंच? तुझा चेहरा बघून मला वाटलं काही भानगड केलीस." ऐकायला ते एवढंच आहे. पण त्या खोट्यामुळे त्या माणसाने स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवणं सोडलं, आणि त्यांचं सगळं जगणं कानांत होतं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि मला तो अधिकारही नाही. सोसायटीत सगळे त्यांना काका म्हणत, मीही तेच म्हणतो.

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत, आमची सोसायटी. काका पहिल्या मजल्यावर, मी चौथ्या. विमा कंपनीत क्लेम तपासायच्या कामावरून ते निवृत्त झाले होते. आग लागली म्हणणाऱ्याच्या गोदामात जायचं आणि ती लागली की लावली हे बघायचं, यात त्यांची सगळी नोकरी सरली. त्यामुळे छापील शब्दावर त्यांचा विश्वास बसत नसे. स्पीकरच्या खोक्यावर काय काय लिहिलेलं असतं, त्याला ते 'दावा' म्हणत. चष्मा कपाळावर चढवून, खोकं डोळ्यांजवळ धरून ते वाचत आणि म्हणत, "बरं. असा दावा आहे तर. पाहणी करावी लागेल."

पाहणी म्हणजे काय, ते मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा समजलं. कॅम्पातलं दुकान. आत गालिचा, मंद दिवे, कोचासमोर माणसाच्या उंचीचे स्पीकर. तिथला विक्रेता फार अदबीने वागणारा. तो म्हणाला, "सर, डेमोला काय लावू? जॅझ? गझल?"

"वाटी लावा," काका म्हणाले.

"कोणता आर्टिस्ट, सर?"

"वाटी. स्टेनलेस स्टीलची. आर्टिस्ट आमचा ओटा."

त्यांनी खिशातून फोन काढून त्याच्या हातात दिला. फोनला एक बरा माइक लावून त्यांनी घरातले आवाज टिपून ठेवले होते. त्या भारी स्पीकरमधून आधी वाटी फरशीवर पडली, गरगरत राहिली आणि निवली. मग दाराची कडी वाजली. मग काकूंचा आवाज आला, "अहो, पाणी तापलंय. जाताय आंघोळीला, की बंद करू गीझर?"

विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मी गालिचाकडे बघायला लागलो. काका मात्र मान वाकडी करून ऐकत होते. मग त्यांनी त्याला समजावून सांगितलं, "हे बघा, गवई समोर बसून कसा गातो ते मी रोज ऐकत नाही. त्यामुळे तुमचा स्पीकर त्याला कसा गायला लावतो, ते खरं की खोटं मला कळणार नाही. आमच्या घरातली वाटी कशी पडते ते मी रोज ऐकतो. आणि हा स्पीकर खोटा आहे."

"का सर?"

"ह्याच्यातून आमची मंडळी प्रेमाने बोलतेय."

घरी आल्यावर हे मीच काकूंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तोच आणायचा होता. घरात एक तरी गोड बोलणारं आलं असतं."

जुन्या तबकड्यांच्या आणि कॅसेटींच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांतले काका नव्हते. त्यांना डिजिटल संगीत मनापासून आवडे. एकदा कोणीतरी म्हणालं, की रेकॉर्डच्या खरखरीत एक ऊब असते. काका म्हणाले, "असेल. चादरीत ढेकूण असले तरी उबदारच लागतं." फोनवर अख्ख्या देशाचं गाणं आलं याचं त्यांना लहान मुलासारखं कौतुक होतं. त्या अॅपचा एकच गुण त्यांना सहन होत नसे. एक गाणं संपलं की ते आपणहून 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत पुढचं लावी. काका तरातरा उठून ते बंद करत. "मला काय आवडेल ते मला अजून ठरवायचंय. हा कोण आगाऊ?" मग थोडा वेळ ते काहीच लावत नसत. जे ऐकलं ते आधी खाली बसू दे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या हॉलमध्ये दोन स्पीकर, मध्ये एक लाकडी खुर्ची, आणि बाकीच्यांना सतरंजी. खुर्ची एकच, कारण दोन्ही स्पीकरांचा आवाज जिथे नीट जुळतो अशी जागाही एकच, हे त्यांचं साधं गणित. रविवारी सकाळी आम्ही काहीजण जमायचो. आमच्याच इमारतीतले एक डेंटिस्ट, मागच्या गल्लीतले एक निवृत्त प्राध्यापक, मी, आणि अधूनमधून माझे खराडीच्या ऑफिसमधले एखाददोन मित्र. खुर्चीत पाळीपाळीने बसायचं. जो खुर्चीत असेल त्यानेच गाण्याबद्दल बोलायचं, सतरंजीवरच्यांनी गप्प. डोळे मिटायचे नाहीत. प्राध्यापकांना डोळे मिटून मान डोलवायची सवय होती. काका त्यांच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणत, "सर, उघडा. डोळे मिटून ऐकणाऱ्यांतले निम्मे झोपलेले असतात, आणि उरलेले तसं दाखवत असतात."

मला घरी गाणं ऐकायची गोडी लावली ती काकांनीच. मी त्यांच्याकडे गेलो होतो ते कुठला स्पीकर घ्यावा हे विचारायला. त्यांनी विचारलं, "खोली दाखवा." ते चौथ्या मजल्यावर आले, हॉलच्या मध्ये उभे राहिले आणि टाळी वाजवली. मग कोपऱ्यात जाऊन वाजवली. मग सोफ्यावर उभं राहून वाजवली. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती.

"आरतीची तयारी चाललीय का?" तिने विचारलं.

"वहिनी, तुमच्या हॉलला घुमारा आहे," काका गंभीरपणे म्हणाले. खालचे, जाड आवाज भिंतींच्या कोपऱ्यात साठतात आणि तिथून परत येऊन गाणं गढूळ करतात, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवलं. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही कपाट हलवलं, सोफा भिंतीपासून पुढे ओढला, समोरच्या भिंतीवर आईने शिवलेली गोधडी टांगली. "स्पीकर यायच्या आधीच घराचं गोदाम झालं," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. कितीतरी आठवडे काकांनी मला काही घेऊच दिलं नाही. "आधी खोली. मग स्पीकर. मग अॅम्प्लिफायर. तारा सगळ्यात शेवटी, आणि त्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून." माझ्या एका मित्राने भारीतली तार आणली होती, विणलेली, सोनेरी टोकांची. काकांनी ती हातात घेऊन बघितली आणि परत देत म्हणाले, "छान आहे. मुलीच्या लग्नात उपयोगी पडेल."

अखेर मी जे स्पीकर घेतले ते त्यांच्या वाटीच्या परीक्षेत उतरलेले होते. त्या संध्याकाळी काकांनी माझ्या खुर्चीत बसून एका बाईंची तोडी ऐकली. ऐकून झाल्यावर ते नुसतं "हं" म्हणाले आणि जाताना जिन्यात थांबून, वळून म्हणाले, "येत जाईन अधूनमधून." मला इतका आनंद प्रमोशन मिळाल्यावरही झाला नव्हता.

आणि तरीही मी ते केलं.

झालं असं, की मी इंटरनेटवर हाय-फायवाल्यांच्या चर्चा वाचायला लागलो. फोनमधले आकडे आवाजात बदलण्याचं काम फोनपेक्षा चांगलं करणारी एक वेगळी डबी मिळते, तिला डॅक म्हणतात. डॅक लावल्यावर गाण्यावरचा पडदा सरकतो, असं तिथे सगळे लिहीत होते. मी एक मागवली. रविवारची मंडळी मुद्दाम माझ्याकडे बोलावली. काकांनी डबीसकट ऐकलं, डबीशिवाय ऐकलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दावा फेटाळला. काही फरक नाही. परत करा, इंजिनिअर." ते मला इंजिनिअर म्हणत. डेंटिस्ट हसले. खरं सांगायचं तर फरक मलाही ऐकू आला नव्हता. पण मी त्या डबीबद्दल ऑफिसमध्ये फार बोलून बसलो होतो, आणि तिथला मित्रही त्या दिवशी सतरंजीवर होता.

पुढच्या रविवारी मी डबी पिशवीत घालून काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, तुमच्या खोलीत, तुमच्या स्पीकरवर एकदा बघू. तुम्ही फक्त ऐकायचं, मी जोडाजोडी करणार." काका खूष झाले. परीक्षा द्यायला त्यांना आवडे. ते खुर्चीत बसले. यंत्रं त्यांच्या पाठीमागे टेबलावर होती. मी आधी डबीशिवाय तीच तोडी लावली. मग आतल्या खोलीत ठेवलेली पिशवी आणायला गेलो, डबी घेऊन बाहेर आलो, आणि टेबलापाशी आल्यावर माझ्या मनात आलं, की जोडून काय होणार? काका पुन्हा 'फरक नाही' म्हणणार आणि सगळे पुन्हा हसणार. त्यापेक्षा जोडूच नये. ते 'फरक नाही' म्हणाले तर मी गप्प बसेन. 'फरक आहे' म्हणाले तर मजा येईल. माझं काहीच जाणार नव्हतं. मी डबी टेबलावर ठेवली, तारांशी उगाच खुडबुड केली, आणि तेच गाणं, तसंच, पुन्हा लावलं.

काका ऐकत राहिले. मध्येच त्यांनी मान किंचित डावीकडे केली. गाणं संपल्यावर म्हणाले, "परत." मी परत लावलं. मग ते खुर्चीतून उठले आणि माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजिनिअर, मी चुकलो. फरक आहे. डग्ग्याचा घुमारा कमी झाला, त्याच्यावरची बोटं कळायला लागली. डाव्या बाजूला जागा झाल्यासारखी वाटतेय. परवा मी घाई केली. माफ करा. डबी ठेवा तुम्ही."

इथे मी थांबायला हवं होतं. मी टेबलावरची डबी उचलली आणि तिची मोकळी लोंबणारी तार सगळ्यांना दाखवली.

आधी डेंटिस्ट हसले. मग प्राध्यापक टाळी देत म्हणाले, "दावा फेटाळला!" माझ्या मित्राने तर डोळे पुसले. काकाही हसले. "फसवलंत की हो," म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, आम्ही कशाला हसतोय ते त्यांना कोणी सांगितलं नाही. मी सताड उघडं टाकून आलेलं आतल्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं, "दारं लावायची पद्धत नाही कोणाला," असं पुटपुटल्या आणि गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी काका खुर्चीत बसले नाहीत. "आज तुम्ही बसा," म्हणाले. पुढच्या रविवारीही तेच. आम्ही ऐकायचो आणि ते स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभे राहायचे. कोणी विचारलं, काका, कसं वाटलं, तर म्हणायचे, "छान आहे. तुम्हाला काय वाटलं?" काकांच्या तोंडी 'छान आहे' हे शब्द मी त्याआधी ती लग्नातली तार सोडली तर ऐकलेच नव्हते. त्यांनी कानांच्या डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून घेतली. डॉक्टरने सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत. काकांनी त्यातला 'वयाच्या मानाने' एवढाच भाग घरी आणला. पुढे त्यांनी फोन बदलला आणि वाटीचं रेकॉर्डिंग जुन्या फोनबरोबर गेलं. मी म्हटलं, "पुन्हा रेकॉर्ड करू या ना." तर म्हणाले, "कशाला? पडेल तेव्हा ऐकू."

हळूहळू रविवार त्यांच्याकडचे बंद होऊन माझ्याकडे भरायला लागले. कुणाला स्पीकर घ्यायचा असला की लोक मला दुकानात नेऊ लागले. मी हॉलच्या मध्ये उभा राहून टाळ्या वाजवू लागलो.

आता यातली खरी लाजिरवाणी गोष्ट. ती डबीची नाही.

डबी दाखवली त्याच महिन्यात एका सुट्टीच्या दुपारी मी घरी तीच तोडी ऐकत बसलो होतो. बायकोने बेडरूमचं दार उघडलं आणि ती गॅलरीत कपडे काढायला गेली. आमच्या बेडरूमचं दार हॉलच्या डाव्या कोपऱ्यात आहे, स्पीकरच्या बाजूला. दार उघडल्याबरोबर डग्गा बदलला. घुमारा कमी झाला, बोटं कळायला लागली. मी उठून दार लावलं. घुमारा परत आला. उघडलं, गेला. कोपऱ्यात साठणारा जाड आवाज दारातून आतल्या खोलीत निघून जात होता.

मी दाराची कडी धरून तसाच उभा राहिलो. काकांच्या हॉलमध्येही आतल्या खोलीचं दार डाव्या कोपऱ्यात. पहिल्या वेळी ते लावलेलं होतं. डबी आणायला मीच ते उघडलं आणि दुसऱ्या वेळी ते उघडंच होतं, काकूंनी ओढून घेईपर्यंत. खोली बदलली होती. काकांनी जे ऐकलं ते अक्षरशः खरं होतं. आमच्यातल्या इतर कोणालाही ते ऐकू आलं नव्हतं, आणि ज्याला आलं त्याला आम्ही हसलो होतो.

मी चप्पल घालून लगेच निघालो. जिन्यात अर्ध्यावर पोचलो आणि फोन वाजला. डेंटिस्ट दुकानातून बोलत होते. दोन अॅम्प्लिफायर समोर होते, कुठला घेऊ? "तुम्ही सांगाल तो," ते म्हणाले. मी पायरीवर बसून त्यांना सविस्तर समजावलं. बोलणं संपलं तेव्हा मी खाली उतरलो नाही. वर गेलो.

मग वर्षं गेली. जिन्यात काका भेटायचे, "काय इंजिनिअर?" म्हणायचे, मी बरं आहे म्हणायचो.

गेल्या हिवाळ्यात काका-काकूंनी मुलीकडे खराडीला राहायला जायचं ठरवलं. काकांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की मोठे स्पीकर डेंटिस्टना देऊन टाकतोय. त्यांना हवेच होते. "मला तिथे एक लहानसा काहीतरी बघून द्या. बातम्या, थोडं गाणं. तुम्हीच निवडा. माझ्या कानांचं आता काही खरं नाही."

आम्ही त्याच कॅम्पातल्या दुकानात गेलो. विक्रेता नवा होता, त्याने काहीतरी दणदणीत लावलं. काका खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यांकडे बसावं तसे हात मांडीवर ठेवून बसले होते. मी एक स्पीकर निवडला. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटून गेल्याचं मला दिसलं.

"आवडला का, काका?"

"तुम्ही म्हणताय ना? मग चांगलाच असणार."

परत येताना ते गाडीत माझ्या शेजारी बसले होते. येरवड्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा बाहेर बघत म्हणाले, "इंजिनिअर, एक सांगायचं राहून गेलं होतं. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. त्या डबीच्या दिवशी तुम्ही माझे डोळे उघडलेत. नाहीतर मी लोकांना आयुष्यभर छातीठोकपणे खोटं सांगत राहिलो असतो. नोकरीत असे कितीतरी लोक बघितले. स्वतःचाच दावा खरा मानणारे. त्यांच्यातलाच एक झालो असतो."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी पुढे घेतली. गाडीत सांगता आलं असतं. पण त्यांना हसलो होतो ते चारचौघांत. एकट्यात माफी मागून मोकळं होणं म्हणजे पुन्हा स्वतःचीच सोय बघणं झालं असतं.

त्या रविवारी स्पीकर न्यायला डेंटिस्ट येणार होते. मी प्राध्यापकांना फोन केला, ऑफिसमधल्या मित्रालाही बोलावलं. निरोपाचं निमित्त होतंच. हॉलमध्ये खोकी रचलेली, सामान निम्मं बांधलेलं. डेंटिस्टनी स्पीकर गुंडाळायला जुन्या गाद्या आणल्या होत्या. काकूंनी उपमा केला होता. बशा खाली ठेवल्यावर डेंटिस्ट म्हणाले, "चला, उचलू या का?"

मी उभा राहिलो. "डॉक्टर, थांबा जरा. काका, त्या डबीच्या दिवशी तुम्ही बरोबर होतात."

"कुठली डबी?" डेंटिस्टनी विचारलं. प्राध्यापकांनाही आठवेना. मित्राच्या चेहऱ्यावरही काही उमटलं नाही. ते सगळे विसरून गेले होते.

"मी जोडली नव्हती ती," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. दार आधी लावलेलं होतं, मग मी ते उघडं टाकलं, काकांनी डग्ग्याबद्दल काय म्हटलं, माझ्या घरी काय झालं. दार समोरच होतं. मी सांगताना सगळे त्याच्याकडे बघत होते.

"अरे! मग आत्ता बघू या की," डेंटिस्ट उत्साहाने उठले. "लावा गाणं. काका, बसा खुर्चीत."

"नको," काका म्हणाले. "पाहणी झाली. यांचा जबाब पुरे आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "म्हणजे दार होतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "इंजिनिअर, परवा तुम्ही निवडलेला तो स्पीकर."

"हो, काका?"

"नाकात बोलतो."

एकच हशा झाला. प्राध्यापकांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "मग तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं.

"तेव्हा वाटलं, खोट आपल्यातच आहे." ते डेंटिस्टकडे वळले. "डॉक्टर, गाद्या परत न्या. राग मानू नका. मुलीला सांगतो, तुझ्या हॉलमधलं कपाट हलव म्हणावं."

डेंटिस्ट हात जोडून म्हणाले, "रिकाम्या हाताने जातो, पण उपमा चांगला होता." सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. सुटलो असं वाटलं.

काकू इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नव्हत्या.

"हे तुम्हाला कळलं कधी?" त्यांनी मला विचारलं.



"त्याच महिन्यात, काकू."

"अगं, जाऊ दे आता," काका म्हणाले.

"तुम्ही थांबा. मी त्यांना विचारतेय." त्यांचा आवाज चढला नाही. "या घरात रविवारी गाणं लागेनासं झालं. मी म्हणायचे, अहो, लावा काहीतरी, तर म्हणायचे, मला काय कळतंय त्यातलं. रेडिओवर काही लागलं तर उठून आत जायचे. तुम्ही जिन्यात रोज भेटत होतात त्यांना. मग का नाही सांगितलंत?"

'धीर झाला नाही' हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. ते अर्धं खरंही होतं, आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलं असतं. काका माझ्याकडे बघत होते. ते नक्कीच चालवून घेणार होते.

"काकू," मी म्हणालो, "तोपर्यंत लोक मला विचारायला लागले होते. कुठला स्पीकर घेऊ, खोली कशी मांडू. ते मला फार आवडायला लागलं होतं. काका बरोबर होते असं सांगितलं असतं तर सगळे परत त्यांच्याकडे गेले असते. ते मला नको होतं. चेष्टा केली ती एका सकाळची होती. नंतर गप्प बसलो ते रोज ठरवून बसलो. काका दारात उभे राहतात ते मला दिसत होतं. त्याची माफी मागायला आलोय. तुमची आणि काकांची. माझं चुकलं."